मदत हवी आहे: गेरिटवर दुसऱ्याचा अर्धवट पॅच पुढे कसा न्यावा?

नमस्कार मंडळी,

एका ओपन सोर्स प्रकल्पात गेरिटवर (कोड तपासून मगच प्रकल्पात घेण्याचं साधन) एक चेंज, म्हणजे कोड-बदलाचा प्रस्ताव, बरेच महिने पडून आहे. काम जवळपास झालंय, पण रिव्ह्यूअरने -१ (आहे तसं घेऊ नये असं मत) देऊन टेस्ट मागितल्या आणि मूळ लेखक नव्या नोकरीत अडकला. विचारलं तर म्हणाला, "घे तू, कर पूर्ण."

आता त्याच चेंजवर नवा पॅचसेट (चेंजची पुढची आवृत्ती) चढवू की माझा वेगळा चेंज उघडू? वेगळा उघडला तर आधीची सगळी चर्चा मागे राहते. त्यावरच चढवला तर कमिटवर लेखक म्हणून नाव कुणाचं लागेल? बहुतेक कोड त्याचा आहे. चार टेस्ट लिहिल्या म्हणून माझं नाव पुढे यावं हे मला पटत नाही.

शिवाय हा चेंज तिसऱ्याच कुणाच्या तरी मर्ज न झालेल्या चेंजवर रचलेला आहे. तिथे माझा हात लागायला नको. गिटहबच्या पुल रिक्वेस्टची सवय असल्याने इथे जरा बिचकायला होतंय.

प्रतिसाद १

त्याच चेंजवर चढवा. गेरिट चेंज ओळखतं ते कमिट मेसेजच्या शेवटी असलेल्या चेंज-आयडीवरून, तेवढी ओळ जपा. 'गिट रिव्ह्यू' या कमांडला -d आणि चेंजचा नंबर देऊन पॅच उतरवून घ्या, बदल करा आणि नवा कमिट न करता अमेंड करा, म्हणजे आहे तोच कमिट सुधारा. अमेंडने लेखक तोच राहतो, कमिटर (कमिट नोंदवणारा) तुम्ही होता. तुमचं श्रेय हवं असेल तर खाली को-ऑथर्ड-बाय (सहलेखकाचं नाव देणारी ओळ) जोडा. रीसेट-ऑथर हा पर्याय मात्र वापरू नका, त्याने लेखक बदलतो.

काही प्रकल्पांत दुसऱ्याच्या चेंजवर पॅचसेट टाकायची परवानगी बंद असते. पुश नाकारला गेला तर मेंटेनरला गाठा.

प्रतिसाद २

खालच्या चेंजबद्दल: रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) करू नका, विषय संपला. रिबेसमध्ये खालच्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) बदलला की पुश करताना त्या तिसऱ्या माणसाच्या चेंजवरही तुमच्या नावाने नवा पॅचसेट चढतो. बिचाऱ्याला उगाच ईमेल! 'गिट रिव्ह्यू -R' (मोठा R) दिलं की ते स्वतःहून रिबेसच्या वाटेला जात नाही.

आणि पुश करण्याआधी चेंजवरच कमेंट टाका की इथून पुढे मी बघतोय. खाजगीत झालेलं बोलणं रिव्ह्यूअरला कसं कळणार? चेंजचा ओनर अजून तोच दिसतो. उद्या त्याने आपल्या जुन्या कॉपीतून पुश केलं तर गेरिट अडवणार नाही, त्याचाच पॅचसेट ताजा ठरेल आणि तुमच्या टेस्ट त्यात नसतील. मागच्या पॅचसेटमधून परत काढता येतात म्हणा, पण डोक्याला ताप.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कमेंट टाकली, त्यानेही खाली होकार दिलाय. तो -१ नव्या पॅचसेटवर तसाच राहतो का?

प्रतिसाद १

सहसा गळून पडतो. -२ (ठाम नकार) असता तर बहुतेक ठिकाणी चिकटून राहिला असता आणि ज्याने दिला त्यालाच काढायला सांगावं लागलं असतं. तरी त्या रिव्ह्यूअरच्या प्रत्येक जुन्या कमेंटला उत्तर देऊन मगच पुन्हा बघायला सांगा.