'आण्विक मेघ' की 'रेणवीय मेघ'? आणि त्यातली ती 'शीत धूळ'

राजापूर : नववीच्या मुलांना तारे कसे जन्मतात ते सांगायचं होतं. वायू आणि धुळीच्या ज्या ढगांत ते जन्मतात, त्या 'मॉलिक्युलर क्लाउड'चं टिपण हिंदी लेखावरून काढलं आणि फळ्यावर 'आण्विक मेघ' लिहिलं. मागच्या बाकावरून लगेच, "सर, जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा काय?" वर्ग खो खो हसला. नेमका शब्द कुठला? आणि त्या मेघातल्या 'कोल्ड डस्ट'ला 'शीत धूळ' चालेल का?

देवगड : हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू, त्यांचा परमाणु तो आपला अणू. त्यांचा 'आणविक बादल' तसाच उचलला की मराठीत तो बाँबच्या वाटेला जातो. 'रेणवीय मेघ' लिहा. मेघात मुख्यतः हायड्रोजनचे रेणू असतात, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे संस्कृतात रेणू म्हणजे मुळात धूळच. चरणरेणू, परागरेणू यांत तोच अर्थ अजून आहे. तेव्हा 'रेणवीय मेघातली धूळ' म्हणजे व्युत्पत्तीने धुळीतलीच धूळ!

'शीत धूळ' चालेल, पण खुलासा हवा. तिचं तापमान 10 ते 20 केल्विन, म्हणजे उणे 260 सेल्सिअसच्या आसपास. तरी तेवढ्या उष्णतेनेही ती दूरच्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत उजळते. एवढ्या गारठ्यात हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुका असतो, म्हणजे टिपता येतील असे किरण सोडत नाही. म्हणून वस्तुमानाने शंभरातला जेमतेम एक भाग असलेल्या धुळीचा नकाशा काढायचा आणि त्यावरून वायू किती ते ताडायचं. हर्शेल या अवकाश दुर्बिणीने (2009 ते 2013, आरसा 3.5 मीटरचा) 70 ते 500 मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वेगवेगळ्या तरंगलांबींत हेच केलं. कुठल्या लांबीला किती उजेड, हे जुळवलं की धुळीचं तापमान आणि प्रमाण दोन्ही हाती येतं.

वेंगुर्ले : मी आंब्याचा बागायतदार, खगोलातलं फार कळत नाही. पण वृषभेत ताऱ्यांवर काळे डाग दिसतात ना, त्यांना 'मळभ' का म्हणू नये? मोहोराच्या दिवसांत मळभ धरलं की आमची झोप उडते, इतका ओळखीचा शब्द.

देवगड : शब्द झकास, पण अर्धाच बसतो. साध्या प्रकाशात ते मळभच. मागचे तारे झाकतं. हर्शेलच्या नकाशात मात्र तेच झळाळतं. 'कृष्णमेघ'लाही हीच अडचण.

गुहागर : माझी हरकत 'धूळ'वरच आहे. चिरेखाणीचा तांबडा धुरळा डोळ्यांसमोर येतो. हे कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे नाहीतर त्याहून बारीक, म्हणजे चुलीच्या धुराच्या जातीचे. आणि हर्शेलच्या नकाशांत मेघातले जे लांबट धागे दिसतात, त्या 'फिलामेंट'ला 'तंतू' म्हणतात ते ठीक, पण मला ते उकललेल्या सुंभाचे पेड वाटतात. रुंदी साधारण 0.1 पार्सेक, म्हणजे प्रकाशवर्षाचा तिसरा हिस्सा. तारे बहुतेक त्याच पेडांवर धरतात.

राजापूर : 'धूळ' ठेवतो, रुळलेला शब्द आहे. 'पेड' मात्र उचलला. उद्या वर्गात सुंभाचा तुकडाच नेतो.