नावाऐवजी नंबर

नाव काढून टाकलं की इंटरनेटवर केलेल्या शोधांच्या नोंदींतून कुणाची ओळख पटत नाही, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी साधारण ६.५ लाख लोकांचे ३ महिन्यांतले सुमारे २ कोटी शोध खुले केले होते. नावं नव्हतीच, प्रत्येकाला फक्त एक नंबर. तरी न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार काही दिवसांत त्यातल्या एका बाईंपर्यंत पोचले. त्या बाईंनी आपल्या गावातल्या गोष्टी आणि आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, तेवढं पुरलं. एओएलने फाइल काढून घेतली, पण तोवर तिच्या प्रती पसरल्या होत्या.

हे कळल्यावर मी आई आजारी होती त्या आठवड्यातली माझी सर्च हिस्टरी उघडली. मुलुंडहून परळला सकाळची स्लो लोकल, केमोनंतर काय खायला द्यावं, स्टेशनजवळ रात्रभर उघडं असणारं मेडिकल, आणि रात्री अडीचला विचारलेला एक प्रश्न, जो मी घरात कुणालाच विचारू शकले नव्हते. माझं नाव कुठेही नव्हतं. पण आमच्या मजल्यावरच्या कुणीही ती यादी वाचून थेट माझं दार वाजवलं असतं. त्याच रात्री जुनी हिस्टरी आपोआप पुसणारं ऑटो-डिलीट ३ महिन्यांवर लावलं.