नेत्यांच्या पेजवर लिहिलेलं कुणी वाचतं का?

मांजराकाठ:
2025 च्या सप्टेंबरात पाणी शिरलं आणि आमचं सोयाबीन उभ्या रानात सडलं. आमच्याकडचे एक लोकप्रतिनिधी पाहणीला आले. बांधावरून त्यांनी फेसबुक लाइव्ह केलं, त्यात माझे चुलते आपलं नुकसान सांगताना दिसतात. पुढं पंचनाम्याच्या यादीत चुलत्यांचं नावच नाही. मी त्या व्हिडिओखाली गट नंबर टाकून लिहिलं, उत्तर नाही. परत लिहिलं, तर माझी कमेंट मलाच दिसेना. नाव घेत नाही, कारण हे सगळ्याच पक्षांत चालतं. ही पेजं चालवतं कोण? आणि कुठं लिहिलं म्हणजे उत्तर द्यावंच लागतं?

पेजवाला, लातूर:
दादा, मी अशी पेजं सांभाळलीत. साहेब स्वतः पेज उघडत नाहीत. दोन-तीन पोरं असतात. एक गाडीत कॅमेरा घेऊन, एक कार्यालयात रील आणि बॅनर करायला, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघायला. सकाळचं पहिलं काम वाढदिवस आणि श्रद्धांजलीचे बॅनर. त्यात कुणाचा फोटो मागंपुढं झाला तरी लगेच फोन येतो. कमेंट वाचायचं काम मात्र कुणाच्याच नावावर नसतं. शिव्या लपाव्यात म्हणून काही शब्द सेटिंगमध्ये भरून ठेवतात, त्यात कधी साधी तक्रारही लपते. पण लपलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुक मित्रांना दिसत राहते. तुमची तुम्हालाच दिसेना म्हणजे ती काढून टाकली असणार.

इनबॉक्स जरा वेगळा. तिथं दवाखान्याचं बिल, मुख्यमंत्री सहायता निधीचा अडकलेला अर्ज, विजेची जळालेली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असलं येतं. डीपीचं काम लवकर होतं, कारण पीएचा एक फोन महावितरणच्या इंजिनिअरला गेला की गाडी निघते. पंचनामा तसा नाही. तो तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून करतात. तिथं फोनवर नाव चढत नाही आणि चढूही नये, नाहीतर ज्याची ओळख त्याचंच नाव येईल. तहसीलला लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. मग त्या पोचेचा फोटो इनबॉक्सला टाका. आवक नंबर असला की पीएला तहसीलदारांना नेमकं विचारता येतं. नुसत्या कमेंटवर काय विचारणार?

गुरुजी, अंबाजोगाई:
माध्यमाला सरसकट दोष देऊ नका. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या (2014 ते 2019), तेव्हा परदेशात अडकलेला साधा कामगार ट्विटरवर लिहायचा आणि त्या तिथल्या दूतावासाला सगळ्यांदेखत सांगायच्या. काम कुणाकडं दिलं हे जगाला दिसायचं. मला त्यातलं हेच मोलाचं वाटतं. 2020 च्या टाळेबंदीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवर बोलायचे, 29 जून 2022 ला राजीनामाही त्यांनी तिथूनच जाहीर केला. घरात बसून थेट ऐकता आलं, हे चांगलंच झालं. पण लाइव्हवर उलट प्रश्न करता येत नाही. पत्रकार परिषदेत नेत्यानं प्रश्न टाळला तर ते टाळणं तरी दिसतं. ग्रामसभेत तर तुम्ही उठून उभे राहू शकता. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, तिथं नुकसानीची यादी वाचून दाखवा म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.

आणखी एक. पेज नेत्याचं आहे की समर्थकांचं, ते आधी बघा. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना 26 मध्ये, त्याची समाजमाध्यमांवरची खाती लिहिलेली असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. पेजवरून पैसे भरून राजकीय जाहिराती चालल्या असतील तर मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत अंदाजे खर्च आणि पैसे कुणी दिले तेही दिसतं. जाहिरातीला पैसे आहेत आणि कमेंट वाचायला माणूस नाही, हे मतदारानं तोंडावर विचारलं पाहिजे.

मांजराकाठ:
सातबारा, आठ-अ जोडून अर्ज लिहितोय. त्या लाइव्हची लिंक पुरावा म्हणून जोडू का?

पेजवाला, लातूर:
लिंकवर विसंबू नका. फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक नवीन लाइव्ह 30 दिवसच ठेवतं. पेजनं तो वेगळा अपलोड केलाय का बघा, नाहीतर गावातल्या कुणाच्या मोबाइलात असेल. सापडला की तारखेसकट जपून ठेवा. पण त्याच्या आधी रानाचे फोटो जोडा.

परभणीकर ताई:
आमच्याकडच्या एका नेत्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात फक्त अ‍ॅडमिनच लिहितो. शिवाय जमीन बाईच्या नावावर असली तरी ग्रुपात नंबर नवऱ्याचा. बचत गटात मी बघते, किती जणींना शिबिर होऊन गेल्यावर कळतं. नेते म्हणतात, सगळ्यांपर्यंत पोचलो. अर्ध्या गावापर्यंत पोचलेलेच नसतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

अर्जाला उत्तर नाही आलं तर तालुक्याच्या लोकशाही दिनाला जा, तिथं अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. तिथं नाही झालं तर जिल्ह्याचा, पहिल्या सोमवारी. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाका, टोकन नंबर मिळतो. आणि चुलतीचं नाव सातबाऱ्यावर असेल तर अर्जावर तिचीही सही आणि तिचाच मोबाइल नंबर टाका.