पावसात गाडीच्या डाव्या बाजूला पाणी साचते. गळती नेमकी कुठून आहे हे कसे शोधावे?

आंबोलीकर (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, पत्र्याच्या टपाची फोर-बाय-फोर गाडी आहे आणि आम्ही आंबोलीला राहत असल्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती जवळपास रोज भिजते. मागच्या पावसाळ्यापासून चालकाशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे, मॅटखाली पाणी साचू लागले. यंदा ते मागच्या सीटपर्यंत पोहोचले असून मॅटखालचा जाड नमदा हाताने दाबला की बोटांमधून पाणी वर येते. गाडी चालवताना फारसे पाणी येत नाही, मात्र रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी हमखास येते. घरासमोर चढ असल्यामुळे उभ्या गाडीचे तोंड वरच्या बाजूला असते. गॅरेजमधून दोन वेळा पुढच्या काचेभोवती सिलिकॉन भरून घेतले, पण काहीही फरक पडला नाही. फ्यूज बॉक्सही त्याच बाजूला आहे, त्यामुळे आता खरोखर काळजी वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

जुना डेंटर:
पत्र्याच्या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि गळतीच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे: पाणी जिथे दिसते तिथून ते शिरलेले असेलच असे नाही. आपली गाडी चढावर तोंड करून उभी राहते, म्हणजे पुढून शिरलेले पाणी मॅटखालून वाहत मागे जाणारच. मागच्या सीटखालची ओल ही वेगळी गळती समजू नये.

आधी ते पावसाचेच पाणी आहे ना, याची खात्री करून घ्यावी. कोरड्या दिवशी एसी चालवल्यावरही पाणी येत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. पाणी चिकट आणि रंगीत असेल, त्याला गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे. आपल्या वर्णनावरून हे दोन्ही दिसत नाही.

त्यानंतर डावी सीट, मॅट आणि नमदा पूर्णपणे बाहेर काढून पत्रा उघडा करावा, फडक्याने कोरडा करावा आणि त्यावर टाल्कम पावडर पसरावी, म्हणजे पहिल्या थेंबाचा ओघळ स्पष्ट उमटतो. एकाने उजेडाची बॅटरी (टॉर्च) घेऊन डॅशबोर्डखाली आडवे पडावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळाच्या पाइपने, हलक्या धारेने, खालून वर पाणी सोडावे: प्रथम दरवाजाचा खालचा भाग, मग वायपरखालची जाळी, मग काचेचा खालचा काठ, आणि सर्वांत शेवटी टप व त्याची पन्हळ. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे तरी थांबावे. टपापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली ओघळते आणि मग कोणत्या जागेने दगा दिला हे कळायला मार्गच उरत नाही. हे काम गाडी घरासमोरच्या त्याच चढावर, त्याच तोंडाने उभी करून करावे.

माझा पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर आहे. तिच्याखाली पत्र्याची एक पोकळी असते, काचेवरून उतरलेले पाणी तिच्यात जमते आणि दोन्ही कडांच्या भोकांतून खाली निघून जाते. पाल्याने ही भोके बुजली की पोकळी भरते आणि पाणी एसीच्या ब्लोअरच्या (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) हवेच्या तोंडातून आत उतरते. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांमध्ये हा ब्लोअर बहुधा डावीकडेच असतो.

आंबोलीकर:
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार, काका. गाडी धुण्याचे प्रेशर मशीन घरी आहे. ते वापरले तर चालेल का?

जुना डेंटर:
नको. त्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसते आणि जिथे दोष नाही तिथे दोष दिसतो.

घाटवाटा:
काकांच्या सांगण्यात थोडी भर घालते. आपण गाडी चिखलात घालत असाल तर दरवाजेही तपासावेत. काचेच्या कडेने दरवाजाच्या आत पाणी उतरणे हे स्वाभाविकच असते आणि ते दरवाजाच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडते. चिखल सुकून ही भोके बंद झाली की दरवाजा पिंपासारखा भरतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते, कारण स्पीकर बसवणाऱ्याने आतल्या पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून तसाच सोडला होता आणि दरवाजात साठलेले पाणी तिथून थेट आत येत होते. नवा जाड प्लॅस्टिक कागद ब्युटाइल टेपने (मऊ, चिकट रबरी पट्टीने) चिकटवल्यावर गळती थांबली. दरवाजाच्या रबरासाठी कागदाची पट्टी मध्ये ठेवून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढून पाहावी. जिथे ती सहज निसटते तिथे रबर दबत नाही. मागच्या दरवाजावर स्टेपनी असेल तर तिच्या वजनाने बिजागऱ्या उतरतात, तिथेही हीच पट्टी लावून पाहावी.

सह्याद्री फोर-बाय-फोर:
कारण सापडल्यावर काय भरावे, याविषयी लिहितो, कारण या बाबतीत फार नुकसान होताना पाहिले आहे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते उघड्या पत्र्यावर कधीही लावू नये. सुकताना त्यातून सुटणारे आम्ल गंज वाढवते, आणि नंतर त्या जागेवर रंगही धरत नाही. पत्र्याच्या सांध्यांना पॉलियुरेथेनचे सीलंट वापरावे आणि त्यावर रंग द्यावा. त्याआधी गंज तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून प्रायमर मारणे अत्यावश्यक आहे, अन्यथा वरून काहीही भरले तरी गंज आतून पसरतच राहतो. खडकाळ वाटेवर बॉडीला पीळ बसत असल्यामुळे आपल्या गाड्यांचे सांधे साध्या मोटारींपेक्षा लवकर उघडतात, म्हणून कडक होऊन तडकणारी पुट्टीही तिथे उपयोगाची नाही. टपावर कॅरियरचे बोल्ट असतील तर प्रत्येक बोल्टखाली ब्युटाइल टेप घालावी.

आंबोलीकर:
रविवारी मुलीला बाहेर पाइप धरायला उभे करून सर्व क्रमाने केले, त्याचा वृत्तान्त देतो. दरवाजा कोरडा निघाला. वायपरखालची जाळी काढली तर डावीकडचे भोक जांभळाच्या पानांच्या काळ्या लगद्याने पूर्ण बुजलेले होते; दोन ओंजळी लगदा निघाला. भोक मोकळे करून पुन्हा पाणी सोडले तेव्हा ब्लोअरमधून येणारे पाणी थांबले, परंतु सातव्या मिनिटाला पावडरीवर एक बारीक ओघळ उमटलाच. बॅटरीच्या उजेडात वर पाहिले, तर जादा दिव्यांसाठी ओढलेल्या लाल वायरीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता; तो पडला की काही क्षणांनी दुसरा तयार होत होता. ही वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, मूळ रबरी ग्रोमेटला (वायरीच्या छिद्रात बसणाऱ्या रबरी कड्याला) चीर पाडून आत घेतली होती. दिवे तीन वर्षांपूर्वी मीच बसवून घेतले होते.

ग्रोमेट बदलून वायर नव्या छिद्रातून घेतली आहे आणि इंजिनाच्या बाजूने तिला खाली झोळ दिला आहे, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळाच्या तळाशी गळून पडेल. काचेभोवतीचे सिलिकॉन खरवडताना खालच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा गंज दिसला. तो साफ करून प्रायमर मारला आहे. नमदा मात्र चार दिवस चुलीशेजारी टांगूनही आतून ओलाच आहे, त्यामुळे तो टाकून नवा घेत आहे.

जुना डेंटर:
उत्तम काम केलेत. फ्यूज बॉक्सचे कनेक्टर एकदा उघडून हिरवट पूड धरली आहे का ते पाहावे, आणि नवा नमदा दोन-तीन मोठे पाऊस पत्र्यावर कोरडे गेल्यावरच टाकावा.