मदत हवी आहे: सीएच्या नावाचं पोळ्याचं फ्लेक्स चालतं का?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याला नवीनच सीएचं ऑफिस टाकलंय. पोळा जवळ आलाय आणि गावच्या पोरांनी चौकात शुभेच्छांचं फ्लेक्स लावायचं ठरवलंय. त्यावर माझा फोटो, फर्मचं नाव, मोबाईल नंबर आणि खाली 'जीएसटी, ऑडिट, प्रोजेक्ट रिपोर्ट'! खर्चही तेच करणार. नाही म्हटलं तर रुसतील, आपल्याकडचं प्रेम म्हणजे असंच.

सीए कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीतली कलमं ६ आणि ७ मला माहीत आहेत. जाहिरात करून किंवा दुसऱ्यामार्फत काम मागता येत नाही. ऑफिसच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर 'सीए' हे पदनाम चालतं, पण ती आप्त, मित्र आणि ग्राहक यांच्यापुरतीच. चौक म्हणजे तर अख्खा तालुका.

शेजारचा कर सल्लागार मात्र रिक्षावर भोंगा लावून रिटर्नचे दर सांगत फिरतो. तो सीएंच्या इन्स्टिट्यूटचा सदस्य नाही, त्याला हे नियम लागू नाहीत. शेतकरी कंपन्यांचे संचालक मलाच विचारतात, "तुमचा बोर्ड कुठीच दिसत नाही, बाप्पा?"

तालुक्यात प्रॅक्टिस करणाऱ्यांनो, सांगा: फर्म, नंबर आणि कामं काढून नुसतं 'सीए' अन् नाव ठेवलं तर चालेल का? की फ्लेक्सच नको? मित्रांनी परस्पर लावलं तरी जबाबदारी माझ्यावरच येते का?