जुनी जनगणना आणि घराण्याचा शोध

1881 किंवा 1901 च्या जनगणनेत पणजोबांचे नाव सापडेल का, असा प्रश्न घराण्याचा शोध घेणाऱ्याला पडतो. दुर्दैवाने आपल्याकडे ते शक्य नाही. घरोघरी भरलेली मूळ पत्रके तक्ते तयार झाल्यावर नष्ट केली जात. उरले आहेत ते अहवाल आणि आकडे. इंग्लंडमध्ये मात्र मूळ पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात (1921 ची 2022 च्या जानेवारीत झाली), त्यामुळे तिकडची उदाहरणे वाचून आपली अपेक्षा वाढते. अर्थात 1931 ची त्यांचीही पत्रके आगीत गेली.

म्हणून नावासाठी तहसील कार्यालयातील कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही (गाव नमुना 14), आधी पाहावे. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात, तेव्हा ती वाचणारा सोबत न्यावा. मृताचे नाव, जात, तारीख आणि मरणाचे कारण एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतले मृत्यू मात्र बरेचदा नुसते ‘ताप’ म्हणून नोंदले गेले आहेत. अशा वेळी 1911 आणि 1921 च्या अहवालांतील आपल्या तालुक्याचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर घरातली एकदम तुटलेली पिढी कशाने गेली असावी याचा अंदाज बांधता येतो, आणि माझ्या मते जनगणनेचा खरा उपयोग इथेच आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्याही अवश्य पाहाव्यात. वह्यांसाठी मूळ गाव आणि आडनाव आधी नक्की करावे.