जमिनीचं आरक्षण म्हणजे कायमचं नव्हे
"डीपीत मैदानाचं आरक्षण आहे ना, मग बिल्डर काय करणार?" असं एकाने विचारलंय. डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा; त्यात मैदानासारख्या सार्वजनिक कामांसाठी जागा राखून ठेवतात, तेच आरक्षण. करू शकतो हो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ बघा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत महापालिकेसारख्या यंत्रणेने जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. तिथून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, की आरक्षण गळून पडतं आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. "पावलं" म्हणजे फायलीवरचे शेरे नव्हेत. गिरणार ट्रेडर्स प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने भूसंपादनाच्या जाहीरनाम्यापर्यंत मजल गाठलेली असावी, असं धरलं.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. बेरीज करा.

आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर गंजलेली पाटी आहे, 'क्रीडांगण' मधला 'क्री' कधीच उडालाय. खाली भेळेची गाडी आणि दोन बंद टेम्पो. मुलं पार्किंगमध्येच खेळतात, काच फुटली की भांडणं.

मालकाला खलनायक ठरवू नका, वर्षानुवर्षं त्याचीही जमीन अडकलेली असते. मोबदला रोख नको असेल तर टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेता येतो, पण तो त्याला पटायला हवा. तुम्ही आधी झोन दाखला आणि भाग नकाशा (प्लॉटवर आराखड्यात काय ठरलंय ते दाखवणारी कागदपत्रं) काढा, मग मालकाची नोटीस आली आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. आली असेल तर तारीख महत्त्वाची.